वेस्टर्नमध्ये दुसरा जॉनर (कथाप्रकार) कसा मिसळावा: मालिका लिहिणाऱ्यांसाठी

टोपी, घोडा, धूळ हा वेस्टर्नचा, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या कथांचा, कपडेपट झाला. लिहिणाऱ्याच्या कामाची गोष्ट त्याच्या आत आहे. कायदा अजून पोचलेला नाही, किंवा पोचून दुबळा पडलाय. अशा जागी योग्य काय हे कोण ठरवणार आणि त्याची किंमत कोण मोजणार? हा प्रश्न पेटता ठेवा आणि कथा १८७६ सालच्या सोन्याच्या वसाहतीत घडवा, केंटकीच्या कोळसापट्ट्यात घडवा, नाहीतर परग्रहावर; ती वेस्टर्नच राहते. प्रश्न विझला, की कितीही घोडे दौडवले तरी उपयोग नाही.

अमेरिकन टीव्हीवर ही सरमिसळ हौसेपेक्षा गरजेतून झाली. ‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५ अशी २० सीझन चालली, तिचे ६३५ भाग झाले. अशा मालिकांची पडद्यावर एवढी दाटी झाली, की नव्याने येणाऱ्याला वेगळं काही दाखवणं भागच होतं. ‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ने (१९६५–६९) हेरकथा जोडली, ‘कुंग फू’ने (१९७२–७५) शाओलिन मठ, तर ‘मॅक्क्लाउड’ने (१९७०–७७) न्यू मेक्सिकोतला मार्शल थेट न्यूयॉर्कच्या रस्त्यावर आणून सोडला. जीन रॉडनबेरी यांनी १९६४ साली ‘स्टार ट्रेक’ची कल्पना विकायला काढली, तीसुद्धा ‘वॅगन ट्रेन’ या गाजलेल्या वेस्टर्नचा हवाला देऊन. तांडा तसाच, फक्त ताऱ्यांकडे निघालेला.

जमीन एकाची, इंजिन दुसऱ्याचं

दोन्ही जॉनरना निम्मा-निम्मा वाटा देण्याच्या फंदात पडू नका. एकाकडून जमीन घ्या: जागा, काळ, नैतिक पेच. दुसऱ्याकडून इंजिन घ्या: दर भागात काहीतरी घडायलाच लावणारी यंत्रणा. कागदावर दोन वाक्यं लिहा. पहिलं, ‘या जागी कायदा कमी पडतो, कारण…’. दुसरं, ‘दर भागात दारात नवं काम येतं, ते म्हणजे…’. दुसरं वाक्य सुचत नसेल, तर तुमच्याकडे मालिका नाही, एक सिनेमा आहे.

‘जस्टिफाइड’ (२०१०–१५, ७८ भाग) हा याचा सर्वांत स्वच्छ नमुना. जमीन केंटकीतल्या हार्लन काउंटीची: पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं, बंद पडत चाललेल्या खाणी, सगळे एकमेकांना ओळखणारे. इंजिन मात्र पोलीस-कथेचं. डेप्युटी मार्शलला (केंद्र सरकारच्या पोलीस अधिकाऱ्याला) फरार आरोपी पकडायचे असतात, कैदी न्यायचे असतात, साक्षीदार सांभाळायचे असतात. फेडरल मार्शलच्या नेहमीच्या कामाच्या यादीतूनच ७८ भागांचा मसाला निघतो. ‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचे दोन हेर खास आगगाडीतून फिरतात. गाडी हेच घर, हीच प्रयोगशाळा, आणि दर आठवड्याला नव्या गावात पोचण्याची सबबही तीच. असं एकच साधन तीन कामं करत असेल, तर जोड बसली म्हणायची.

जोड तपासायची सोपी चाचणी आहे. तुमच्या वन-लाइनमधून (एका वाक्यात सांगितलेल्या कथेतून) वेस्टर्न काढून टाका. गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली, तर वेस्टर्न नुसतं सजावटीला होतं. मग दुसरा जॉनर काढून बघा. ‘आउटर रेंज’मधून (२०२२–२४) कुरणातलं ते गूढ विवर काढलं, तर दोन रँच-कुटुंबांचा जमिनीचा तंटा उरतो, तंटा काढला, तर विवर आहे पण ते कोणाच्या मालकीचं, याची कोणाला फिकीर नाही. दोन्ही बाजूंनी काहीतरी तुटतं, म्हणजे सांधा खरा आहे.

मदत यायला किती वेळ लागतो?

मालिकेचं ‘बायबल’ (तिचं जग, पात्रं आणि नियम नोंदवणारा दस्तऐवज) लिहिताना पात्रांच्या आधी नकाशा काढा. त्यावर अंतर किलोमीटरमध्ये लिहू नका, वेळेत लिहा. सलग काही दिवस चालवायचा असेल, तर घोडा दिवसाला ५०–६० किलोमीटर जातो. गुरांचा कळप १५ ते २५. देशाच्या आरपार पहिली टेलिग्राफची तार १८६१ची, रेल्वे १८६९ची, ग्लिडनचं काटेरी तारेचं पेटंट १८७४चं. कथेचं साल या तीन आकड्यांवर ठेवून बघितलं की काय शक्य आहे आणि काय नाही, ते लगेच कळतं. १८७० साली रेल्वेमार्गावरच्या गावात ‘कोणाला कळवताच येत नाही’ असं लिहिलंत, तर जाणकार प्रेक्षक तिथेच उठून जाईल.

कथा आजची असेल, तर अंतराची जागा हद्द घेते. ‘लाँगमायर’मध्ये (२०१२–१७) वायोमिंगमधल्या एका काल्पनिक काउंटीचा शेरीफ आहे. शेजारी शायान या मूळ अमेरिकी लोकांचं राखीव क्षेत्र, आणि तिथे त्याचं काही चालत नाही. गाडी, फोन, डीएनए सगळं आहे. अडतं ते अधिकारावर. मोबाइलची रेंज गेली, बॅटरी संपली, या युक्त्या एका सीझनमध्ये एकदा चालतात. हद्द मात्र दर भागात अडवू शकते, कारण तिथे पलीकडेही माणसं असतात आणि त्यांचंही काही म्हणणं असतं.

साधारण हिशेब असा ठेवा: कथेतलं संकट जेवढ्या वेळात निवळतं, त्यापेक्षा मदत उशिरा आली पाहिजे. ती आधी पोचू शकत असेल, तर नायकाला एकट्याने ठरवायची वेळच येत नाही.

अद्‌भुताला कुंपण घाला

भयकथा किंवा विज्ञानकथा जोडताना नियम कमी ठेवा. तीन पुरे. प्रत्येक नियमाने नायकाचं काही ना काही अडवलं पाहिजे. ‘वायनोना अर्प’ (२०१६–२१) बघा. शाप वारसाच्या २७व्या वाढदिवसाला जागा होतो, मुडद्यांना परत धाडणारी बंदूक वारसाच्याच हातात चालते, आणि ते मुडदे एका ठरावीक त्रिकोणी टापूच्या बाहेर जाऊ शकत नाहीत. तिसऱ्या नियमाने भयकथेला सरहद्द दिली, आणि सरहद्द तर वेस्टर्नला हवीच असते. दोन्ही जॉनरचं काम एका नियमात भागलं.

‘फायरफ्लाय’ने (२००२) परग्रहवासी ठेवलेच नाहीत. माणसं माणसांनाच लुबाडतात. अंतराळयानांच्या युगात घोडे का, याचंही उत्तर तिथे सरळ आर्थिक आहे: दूरच्या ग्रहांवर वस्ती करणाऱ्यांना घोंगड्या, कुऱ्हाडी आणि फार तर एखादा कळप देऊन सोडून दिलेलं असतं. यान महाग, घोडा तिथेच पैदा होतो. अशी एक ओळ तुमच्या जगासाठी लिहून ठेवा. ‘दिसायला भारी वाटतं’ हे उत्तर पिच मीटिंगमध्ये (कल्पना विकण्याच्या बैठकीत) दोन मिनिटं टिकतं.

एक उदाहरण, आतून

समजा, वेस्टर्नला कोर्टकथा जोडायची आहे. जागा मोंटाना टेरिटरी, साल १८८४. हे साल मुद्दाम. आदल्या वर्षी नॉर्दर्न पॅसिफिकची रेल्वे पूर्ण झालीये, पण उत्तरेकडची कुरणं रुळापासून लांब आहेत. मोंटाना राज्य व्हायला अजून ५ वर्षं आहेत, त्यामुळे न्यायाधीश वॉशिंग्टनहून नेमलेले, संख्येने मोजके आणि फिरतीवरचे. आणि त्याच उन्हाळ्यात तिथल्या रँचवाल्यांच्या टोळीने घोडेचोर म्हणून संशय आलेल्या माणसांना परस्पर फासावर लटकवलं, हा इतिहास आहे.

इंजिन आपोआप हाती आलं: दर भागात एक खटला. दबावही आला: न्यायाधीश गावात पोचेपर्यंत आरोपीला जिवंत ठेवायचं. तुमचं काल्पनिक गाव न्यायाधीशाच्या मुक्कामापासून १५० किलोमीटरवर ठेवा, म्हणजे घोड्यावर तीन दिवस. पहिल्या दोन अंकांत वेस्टर्न (पहारा, जमाव, रात्र), पुढे कोर्ट. आठ भागांचा सीझन असेल, तर हा साचा पहिल्या तीन भागांत पक्का करा आणि चौथ्यात मोडा: न्यायाधीश येतच नाही.

आता एक प्रसंग. आरोप गुरं चोरल्याचा. फिर्यादी म्हणतो, माझ्या जनावरावरच्या डागावर (मालकीसाठी तापल्या सळईने उठवलेल्या खुणेवर) याने नव्या रेघा ओढल्या आणि तो आपला डाग करून टाकला. नवखा लेखक इथे वकिलाला मोठं भाषण देतो, साक्षीदाराला घाम फोडतो, आणि कोणीतरी ओरडतं, ‘हो, मीच केलं!’ हे कोर्टनाटक झालं, पण कुठल्याही शहरात चाललं असतं.

गुराख्यांच्या जगातला पुरावा वेगळा आहे. सळईने डाग बदलला, की वरून केसांमुळे नवं-जुनं ओळखणं कठीण जातं. जनावर मारून कातडं सोललं आणि उलटं करून धरलं, की आतल्या बाजूला जुन्या डागाचा वण वेगळा दिसतो. म्हणजे सत्य हवं असेल, तर गाय मारावी लागते. झाला प्रसंग. न्यायाधीश विचारतो, गाय कोणाची मारायची? फिर्यादी म्हणतो, आरोपीची. आरोपी म्हणतो, तुझीच म्हणतोस ना, मग तू मार. दारू बाजूला सारून बारच्या टेबलावर मांडलेलं कोर्ट उठतं आणि मागच्या अंगणात जातं. सुरी चालवणारा माणूस दोघांचाही देणेकरी आहे. तो कातडं सोलतो, उलटतो, आणि बोट ठेवण्याआधी एकदा वर बघतो; न्यायाधीशाकडे नाही, कुंपणावर बसलेल्या दहा बंदूकवाल्यांकडे.

इथे फॉरेन्सिक पुरावा आहे, साक्षीदारावरचा दबाव आहे, आणि दोन्ही वेस्टर्नच्याच मातीतून आलेत. बाहेरून आणलेलं काही नाही. जोडायचा जॉनर कुठलाही असो, हीच रीत वापरा: त्या जॉनरची एक हमखास गोष्ट घ्या (पुरावा, शवविच्छेदन, हेराचा निरोप, भुताचं पहिलं दर्शन) आणि तिचं काम या जागी कुठली वस्तू करेल, ते शोधा. हेरकथेचा निरोप? तारमास्तर प्रत्येक शब्द वाचतो, म्हणजे गावातली गुपितं एकाच माणसाला ठाऊक. रोगाची साथ? सोन्याच्या वसाहतीवरच्या ‘डेडवुड’च्या (२००४–०६) पहिल्या सीझनमध्ये देवी येतात, आणि जुगारअड्ड्यांचे मालक पहिल्यांदा एका टेबलाशी बसून सभा घेतात. साथीतून नगरपालिका जन्माला येते. हे लेखन शिकण्यासारखं आहे.

हत्यारं आणि धूर

मारामारी लिहिण्याआधी एवढं माहीत असू द्या. १८७३चं कोल्ट सिंगल अॅक्शन सहा गोळ्यांचं, पण सावध माणूस पाचच भरायचा आणि पिस्तुलाच्या घोड्याखालचं (हॅमरखालचं) घर रिकामं ठेवायचा. धक्का लागून बार उडू नये म्हणून. प्रत्येक गोळीला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. रिकामी काडतुसं बाजूच्या छोट्या दारातून एकेक करून ढकलायची, नवी तशीच एकेक भरायची. म्हणजे शेवटची गोळी सुटल्यावर जवळजवळ अर्धं मिनिट तुमचं पात्र निःशस्त्र आहे. थ्रिलर लिहिणाऱ्याला हे अर्धं मिनिट म्हणजे लॉटरी.

धूरही विसरू नका. बिनधुराची दारू १८८०च्या दशकाच्या मध्यावर निघाली. त्याआधीच्या काळात बंद खोलीत चार-पाच बार उडाले, की पांढऱ्या धुरात समोरचा दिसत नाही. भयकथा जोडणाऱ्यांनी हा फुकटचा पडदा वापरायलाच हवा. क्वचितच कोणी वापरतं.

पायलटमध्ये (पहिल्या, नमुन्याच्या भागात) काय दिसलं पाहिजे

पहिल्या दहा पानांत, म्हणजे साधारण दहा मिनिटांत, दोन्ही जॉनर एकाच प्रसंगात दिसू देत. एक प्रसंग वेस्टर्नचा, मग एक दुसऱ्याचा, असे आळीपाळीने लावले, की प्रेक्षकाला वाटतं चॅनेल बदललं.

‘जस्टिफाइड’चा पहिलाच प्रसंग बघा. मायामीतलं हॉटेल, गच्चीवर ऊन, पोहण्याचा तलाव, जेवणाची टेबलं. मार्शल एका गुंडासमोर येऊन बसतो. २४ तासांत शहर सोड, असं त्याने बजावलेलं आहे आणि मुदतीची शेवटची मिनिटं उरलीत. बोलणं हळू आवाजात. गुंड आधी पिस्तुलाला हात घालतो आणि मरतो. प्रसंग नखशिखांत वेस्टर्न, जागा पूर्ण आधुनिक. लगेच वरिष्ठ विचारतात, त्याला डिवचून पिस्तूल काढायला लावलंस का? वेस्टर्नने प्रश्न उभा केला, पोलीस-कथेने त्याचा चौकशी अहवाल मागितला, आणि मार्शलची बदली केंटकीला. बदली हीच शिक्षा, बदली हीच मालिका.

याच पायलटमधून एक व्यवहाराचा धडाही निघतो. बॉइड क्राउडर हा खलनायक पहिल्याच भागात मरायचं ठरलं होतं. ती भूमिका करणाऱ्या वॉल्टन गॉगिन्सचं काम बघून त्याला जिवंत ठेवलं, आणि मालिकेचे सहा सीझन तो आणि मार्शल यांच्यातल्या तणावावर उभे राहिले. वेस्टर्नमध्ये खलनायक लवकर संपवायचा मोह होतो, कारण गोळीबार हा शेवट म्हणून सोपा असतो. मालिकेत ज्याला नायकाची भाषा कळते असा एक शत्रू राखून ठेवा.

पायलटचा क्रमही सांभाळा. ‘फायरफ्लाय’चा मूळ दोन तासांचा पायलट वाहिनीने मागे ठेवला. त्याऐवजी आगगाडीच्या दरोड्याचा भाग आधी दाखवला, आणि मूळ पायलट डिसेंबर २००२मध्ये, मालिका गुंडाळताना. केलेल्या १४ भागांपैकी पहिल्या प्रक्षेपणात ११च दिसले. दरोड्याचा भाग चांगलाच आहे, पण यान, घोडे, हरलेलं युद्ध आणि मधूनच चिनी शिव्या, हे सगळं प्रेक्षकाने एकदम कसं जुळवावं? यातून घ्यायची खबरदारी: दुसरा आणि तिसरा भागही असे लिहा, की तो पहिला म्हणून लागला तरी जगाचा नियम एका प्रसंगात कळेल.

कुठे बिघडतं

सर्वांत जास्त बिघडतं ते एक जॉनर हळूहळू दुसऱ्याला गिळतो तेव्हा. ‘वेस्टवर्ल्ड’च्या (२०१६–२२) पहिल्या सीझनमध्ये यंत्रमानवांच्या करमणूक-उद्यानाचे दोन मजले आहेत: वर कुरण, बँक-दरोडे, सलून, खाली काचेच्या प्रयोगशाळा. वरच्या गोळीचा अर्थ खाली बदलतो, ही सगळी गंमत. तिसऱ्या सीझनमध्ये कथा उद्यानाबाहेर, भविष्यातल्या शहरात गेली आणि वरचा मजलाच उरला नाही. त्यानंतर ती नुसती विज्ञानकथा झाली, आणि तशा तर पुष्कळ आहेत. तुमच्या सीझनच्या आराखड्यात प्रत्येक भागासमोर लिहा: इथे जमिनीचा प्रश्न कोणत्या प्रसंगात आला? सलग दोन भाग रकाना रिकामा दिसला, तर थांबा.

दुसरं, भाषा. जुन्या काळची म्हणून नटवलेली बोली पाच मिनिटांत हास्यास्पद होते. ‘डेडवुड’मध्ये डेव्हिड मिल्च यांनी वाक्यरचना जुनी, वळणावळणाची ठेवली आणि शिव्या आजच्या वापरल्या, कारण त्या काळच्या शिव्या आजच्या कानाला बाळबोध वाटतात. मराठीत लिहिताना हिंदी डाकूपटांचे संवाद पेनात येऊन बसतात, त्यांना आधी हाकला. आणि अमेरिकी सरहद्द उचलून माणदेशात ठेवायची असेल, तर शेरीफ आणू नका. आपल्याकडे पाटील, तलाठी, फौजदार होते, त्यांच्यात अधिकाराची भांडणं काही कमी नव्हती.

तिसरं, संगीत आणि पोशाखावर सगळा भार. ‘स्टार वॉर्स’च्या जगातल्या ‘द मँडलोरियन’च्या (२०१९पासून) सुरावटीत लुडविग योरान्सन यांनी बास रेकॉर्डर हे जाड आवाजाचं बासरीसारखं वाद्य वापरलं. तरी एकांडा शिलेदार लगेच ओळखू येतो, कारण ते काम पटकथा करते: सुपारी, नवं गाव, तोडता न येणारं व्रत. व्रत साधं आहे, शिरस्त्राण काढायचं नाही, आणि दर काही भागांनी कोणीतरी ते काढायला भाग पाडतं.

चौथं, ज्यांची जमीन होती त्यांना विसरणं. डेडवुडची वसाहतच १८६८च्या तहाने लाकोटा या मूळ अमेरिकी लोकांना दिलेल्या भूमीवर बेकायदा उभी राहिली. तिथे कायदा नव्हता तो यामुळेच. म्हणजे हा मुद्दा तळटीप म्हणून ठेवायचा नाही, कथानकाचं मूळच तिथे आहे. ‘कुंग फू’वरचा आक्षेपही इथलाच: अर्धा चिनी नायक, आणि भूमिका गोऱ्या नटाकडे. उलट ‘डार्क विंड्स’ (२०२२पासून) १९७०च्या दशकातल्या नवाहो पोलिसांकडूनच तपास करवते, त्यामुळे गुन्हेकथेला पलीकडच्या बाजूची नजर मिळते आणि वेस्टर्नचा जुना ‘बाहेरून आलेला शेरीफ’ आपोआप संशयित ठरतो.

शेवटी अंकांच्या शेवटांबद्दल. जाहिरातींसाठी थांबणाऱ्या मालिकेत प्रत्येक अंक कुठल्या जॉनरच्या धक्क्यावर संपतो, ते आधी ठरवा. ‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’मध्ये अंक संपताना चित्र गोठून शीर्षकाच्या चौकटीच्या एका कोपऱ्यात जाऊन बसायचं, चार अंक, चार कोपरे. तुम्हीही कागदावर चार चौकोन काढा आणि त्यांत अंकांची शेवटची चित्रं लिहा. चारही चौकोनांत बंदूकच आली असेल, तर दुसरा जॉनर अजून मालिकेत शिरलेलाच नाही. निदान एका चौकोनात कातडं, तार किंवा कागद आला पाहिजे.